दावीद राजा आणि तीन दिवसांची मरी



दावीद राजाची ओळख आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून आहे. त्याच्या अखेरच्या काळातील एक घटना मात्र आपण क्वचितच वाचतो. ती शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय २४) आणि इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात (अध्याय २१) आली आहे. दोन्ही उतारे शेजारी ठेवले तर मेळ बसत नाही. बायबलमध्ये विसंगती दाखवू पाहणारे हाच दाखला पुढे करतात. आपल्या तरुणांनाही हा प्रश्न विचारला जातो. म्हणून आज या राजाचे जीवन आपण त्या घटनेच्या अंगाने पाहू या.

दावीद हा बेथलेहेमच्या इशायाचा धाकटा मुलगा, मेंढपाळ. शमुवेलाने त्याला अभिषेक केला. गल्याथाचा पाडाव केल्यावर त्याचे नाव झाले, पण शौल राजाच्या मत्सरामुळे त्याला रानोमाळ पळावे लागले. तिसाव्या वर्षी तो राजा झाला. त्याने हेब्रोनात साडेसात वर्षे आणि यरुशलेमेत ३३ वर्षे राज्य केले. बथशेबेच्या मोहापायी त्याने उरीयाचा घात घडवला आणि नाथान संदेष्ट्याने कान उघडल्यावर पश्चात्ताप केला. पुढे पोटचा मुलगा अबशालोम त्याच्यावर उलटला.

अशा या राजाने एकदा तलवार चालवणाऱ्या पुरुषांची शिरगणती करण्याचा हुकूम दिला. सेनापती यवाबाने विरोध केला, पण राजाने ऐकले नाही. शमुवेलाच्या ग्रंथाप्रमाणे हे काम ९ महिने २० दिवस चालले. निर्गमाच्या ग्रंथात (अध्याय ३०) नियम आहे की, शिरगणतीच्या वेळी मरी येऊ नये म्हणून प्रत्येकाने अर्धा शेकेल परमेश्वराला द्यावा. प्रजा राजाची नव्हे, देवाची, हे त्यातून कळते.

गणती संपली आणि दावीदाचे मन त्याला खाऊ लागले. गाद संदेष्ट्याने त्याच्यापुढे तीन शिक्षा ठेवल्या: दुष्काळ, शत्रूपुढे तीन महिने पळ किंवा तीन दिवस मरी. माणसांच्या हाती पडण्यापेक्षा दयाळू देवाच्या हाती पडलेले बरे, असे दावीद म्हणाला. मरीत ७०,००० लोक मेले. हा आकडा दोन्ही ग्रंथांत एकच आहे.

आता फरक पाहू. शमुवेलाच्या ग्रंथात योद्धे इस्राएलाचे ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख, तर इतिहासात ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. दुष्काळ एकीकडे सात वर्षांचा, दुसरीकडे तीन वर्षांचा. शमुवेलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र तीनच वर्षे आहेत. कुमरान येथे सापडलेल्या शमुवेलाच्या एका जुन्या हस्तलिखितात, पृथ्वी आणि आकाश यांच्यामध्ये तलवार उपसून उभा असलेला देवदूत आहे. आपल्या छापील बायबलमध्ये तो इतिहासाच्या ग्रंथात दिसतो. म्हणजे शमुवेलाच्या ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती होत्या आणि काही फरक त्यांतून आले.

मोठा फरक वेगळाच आहे. दावीदाला प्रवृत्त कोणी केले? शमुवेलाचा ग्रंथ परमेश्वराचा क्रोध सांगतो, इतिहासाचा ग्रंथ सैतान म्हणतो. जुन्या काळी इस्राएली लोक बरेवाईट सारे देवाकडेच नेत. इतिहासाचा ग्रंथ हद्दपारीनंतरचा आहे. तोवर देव कोणाला पापाच्या मोहात पाडत नाही, ही जाण स्पष्ट होत होती. याकोबाच्या पत्रात ती उघडपणे सांगितली आहे. देवाचे स्वरूप लोकांना हळूहळू उमगत गेले, ते या दोन उताऱ्यांत दिसते. बायबलमधील सत्य आपल्या तारणासाठी आहे आणि लेखकाचा काळ व लेखनप्रकार पाहून ते वाचावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले.

तरीही, राजाच्या पापापायी प्रजा का मेली, हा प्रश्न उरतोच. दावीदानेही तोच विचारला. या मेंढरांनी काय केले, शिक्षा मला आणि माझ्या घराण्याला कर, अशी विनवणी त्याने केली. स्वतःच्या चुकीचे खापर त्याने यवाबावर फोडले नाही.

मग तो यबूसी माणसाच्या खळ्यावर गेला. त्या माणसाचे नाव एका ग्रंथात अरवना, दुसऱ्यात अर्णान. तो जागा, बैल, लाकडे सारे फुकट देत होता. पदरचे काही न वेचता देवाला अर्पण करणार नाही, असे सांगून दावीदाने ते विकत घेतले. एका ग्रंथात खळे आणि बैलांचे ५० शेकेल रुपे, दुसऱ्यात त्या जागेचे ६०० शेकेल सोने. काही जण म्हणतात, पहिली किंमत खळ्याची आणि दुसरी सबंध जागेची असावी. वेदी उभारली आणि मरी थांबली. पुढे शलमोनाने तिथेच मंदिर बांधले.

इतिहासाच्या लेखकाने बथशेबेचे पाप आणि अबशालोमाचे बंड गाळले, पण हे पाप मात्र ठेवले. देवाच्या मंदिराची जागा राजाच्या पश्चात्तापातून मिळाली, हे त्याला सांगायचे होते.

तेव्हा कोणी या आकड्यांवरून आपल्याला विचारले तर गडबडून जाऊ नये, रागावूही नये. दोन्ही अध्याय घरी कुटुंबासह सावकाश वाचावेत. आपल्या चुकीची झळ दुसऱ्या कोणाला बसते आहे का, हेही दावीदाप्रमाणे स्वतःला विचारावे.