निश्चल म्हणजे मृत नव्हे!

अठराव्या शतकात इटलीतील एका धर्मगुरूने नर बेडकांना रेशमी विजारी शिवून घातल्या होत्या. ऐकणाऱ्याला हसू येईल अशी ही गोष्ट. परंतु आज वंध्यत्व चिकित्सेच्या प्रयोगशाळेत वीर्याची जी तपासणी होते, तिच्या मुळाशी अशाच प्रयोगांची परंपरा आहे. त्या धर्मगुरूचे नाव लाझारो स्पालान्झानी.

१७२९ मध्ये स्कांदियानो गावी एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांप्रमाणे कायदा शिकण्यासाठी ते बोलोन्याला गेले. तेथे त्यांच्या नात्यातील लाउरा बास्सी या विदुषी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांच्या सहवासात कायदा मागे पडला आणि विज्ञानाचा ध्यास लागला. पुढे त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, पण जीव रमला तो प्रयोगांतच. १७६९ पासून अखेरपर्यंत ते पाविया विद्यापीठात अध्यापन करीत होते. उकळून हवाबंद केलेल्या रसात जीव आपोआप उपजत नाहीत, हे त्यांनी १७६५ मध्येच दाखवून दिले होते.

विजारींची मूळ कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांची. तडीस नेली ती स्पालान्झानी यांनी. विजार घातलेल्या नराशी संग होऊनही मादीची अंडी फळली नाहीत. विजारीत साठलेले थेंब अंड्यांना लावताच मात्र त्यांत जीव धरला. नराच्या वीर्याचा अंड्याला प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो, हे सिद्ध झाले. १७८० च्या सुमारास त्यांनी कुत्रीवर कृत्रिम रेतन केले आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिले झाली.

त्याहून सूक्ष्म निरीक्षण १७७६ मधले. बर्फात थंड केलेल्या वीर्यातील शुक्रजंतूंची वळवळ थांबली. ऊब मिळताच ते पुन्हा हालू लागले. निश्चल दिसणारा प्रत्येक शुक्रजंतू मेलेला नसतो, हा धडा त्यात होता. आज हालचाल फार कमी आढळली की प्रयोगशाळेत हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. मग इओसिन हा रंग वापरतात. शुक्रजंतूचे आवरण फाटलेले असेल तर रंग आत शिरून तो तांबूस दिसतो. आवरण शाबूत असेल तर तो पांढराच राहतो. दुसऱ्या चाचणीत त्याला क्षार कमी असलेल्या द्रवात ठेवतात. आवरण धड असेल तर पाणी आत शिरून शेपटी फुगते व वळते. मृत शुक्रजंतूत हा बदल होत नाही. ही चाचणी १९८४ मध्ये पुढे आली. रंगवलेला शुक्रजंतू उपचाराला वापरता येत नाही. शेपटी फुगलेला मात्र निवडून थेट बीजांडात सोडता येतो. अपत्यासाठी आसुसलेल्या जोडप्याला या फरकातच आशेचा धागा सापडतो.

स्पालान्झानी यांची शोकांतिका अशी, की मुख्य उत्तर हाती येऊनही त्यांनी ते ओळखले नाही. त्यांनी बेडकाचे वीर्य टीपकागदातून गाळले. खाली उतरलेल्या पाण्याने अंडी फळेनात. कागदावरचा गाळ पाण्यात कालवताच फळली. गाळात शुक्रजंतूच होते! परंतु अंड्यातच जीव पूर्ण घडलेला असतो, या मतावर त्यांची श्रद्धा होती. शुक्रजंतू त्यांना वीर्यातले परोपजीवी वाटत. तोच प्रयोग करून प्रेव्हो आणि द्यूमा यांनी १८२४ मध्ये श्रेय शुक्रजंतूंना दिले. शुक्रजंतू व बीजांड यांच्या केंद्रकांचे मीलन तर १८७६ मध्ये हर्टविग यांनी समुद्री साळूच्या अंड्यात पाहिले.

फेब्रुवारी १७९९ मध्ये पाविया येथे मूत्राशयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. ते मूत्राशय तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. बर्फातून गोठित वीर्यापर्यंतचा प्रवास १९४९ मध्ये ग्लिसरीनचा गुण उमगल्यावर शक्य झाला, आणि त्याच तंत्रावर आपल्या उरुळीकांचनच्या 'बाएफ'ने गावोगावच्या गोठ्यांत संकरित गायी पोहोचवल्या. प्रयोग चोख असला तरी पूर्वग्रह सुटला नाही तर सत्य समोर असूनही दिसत नाही, हे सांगण्यासाठी स्पालान्झानी यांचे चरित्र पुरेसे आहे.