तुकोबांचा चेहरा

डोळे मिटून तुकाराम महाराज आठवा. जो चेहरा समोर येईल, तो बहुधा विष्णुपंत पागनीस यांचा असेल!

१८९२ साली जन्मलेले पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्री-भूमिका करीत. पुढे नाटक सुटले, भजन राहिले. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'साठी त्यांचे नाव निघाले तेव्हा, या नाजूक हालचालींतून तुकोबा कसे उभे राहणार, अशी शंका आली. पडद्यावर तोच नाजूकपणा तुकोबांची विनम्रता ठरला.

डिसेंबर १९३६ मध्ये गिरगावच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. चाळीतल्या संसारी माणसाला तुकोबा-आवलीच्या भांडणात आपलेच घर दिसले असेल, तर नवल नाही. पागनिसांची त्या वेषातली छायाचित्रे तर लोकांनी देव्हाऱ्यात ठेवली.

नटाला याहून मोठे यश कोणते? पण त्याची किंमतही पडली. पुढे पागनीस तुलसीदास झाले, नरसी भगत झाले. लोकांना ते संतच हवे होते. १९४३ साली ते निवर्तले. चेहरा उरला, त्याखालचे नाव मात्र तुकोबांचे. निदान आपण तरी त्या नटाला त्याच्या नावाने ओळखावे.