हेर हॅरिएट टबमन

भगिनींनो, लिहिता-वाचता न येणारी एक बाई सैन्याची हेर झाली आणि तिने आणलेल्या बातमीवर ७०० हून अधिक माणसे गुलामीतून सुटली, हे ऐकून नवल वाटेल. पण अमेरिकेत असे घडले आहे. त्या बाईचे नाव हॅरिएट टबमन.

सन १८२२ च्या सुमारास मेरीलँड प्रांतात गुलाम आईबापांच्या पोटी तिचा जन्म झाला. लहानपणापासून परक्या घरी राबणे व चाबकाचा मार खाणे नशिबी आले. एकदा पळणाऱ्या गुलामावर मुकादमाने फेकलेले लोखंडी वजन तिच्या डोक्यात बसले. तेव्हापासून तिला मध्येच गुंगी येई. ते दुखणे जन्मभर गेले नाही.

१८४९ साली ती पळून फिलाडेल्फियास गेली. स्वतः सुटली, पण मागच्यांना विसरली नाही. जिवावर उदार होऊन ती सुमारे १३ वेळा माघारी गेली व ७० एक माणसे सोडवून आणली. एकदा वाटेत जुना मालक दिसताच तिने हातातल्या कोंबड्या फडफडू दिल्या व त्यांना आवरण्याच्या निमित्ताने तोंड लपविले, असे सांगतात.

१८६१ साली तेथील उत्तरेच्या व दक्षिणेच्या राज्यांत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या सैन्यात ती स्वयंपाक करी, जखमींची शुश्रूषा करी आणि हेरगिरीही करी. मळ्यांवरच्या गुलामांना सारे ठाऊक असे, पण त्यांना विचारतो कोण? हॅरिएटने विचारले. कोंबाही नदीत शत्रूने सुरुंग कोठे पेरले, हे त्यांच्याकडूनच कळले. २ जून १८६३ रोजी ती सैन्याच्या बोटींबरोबर गेली. बाया पोरांना घेऊन किनाऱ्याकडे धावल्या. एकीच्या डोक्यावर तर चुलीवरून तसेच उचललेले भाताचे वाफाळते भांडे होते!

१८९९ साली सरकारने तिचे वेतन महिना २० डॉलर केले. त्यातले ८ सैनिकाची विधवा म्हणून, बाकीचे शुश्रूषेबद्दल. हेरगिरी हिशेबात धरलीच नाही. तरीही १९०८ साली तिच्या खटपटीने निराधार वृद्धांसाठी घर उघडले.

१० मार्च १९१३ रोजी ती वारली. आपल्या सावित्रीबाई फुले यांची पुण्यतिथीही १० मार्चच. जोतीरावांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' पुस्तक, तेथील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केले होते.

आपल्या बैठकीत अक्षरओळख नसलेल्या भगिनी मागे गप्प बसतात. त्यांनाही पुष्कळ ठाऊक असते. यापुढे आपण त्यांना आधी विचारू या.