दंड न भरणारा धनवान : जमनालाल बजाज

न्यायालयाने ठोठावलेला दंड सधन मनुष्य भरतो आणि घरी जातो. ज्याच्याजवळ पैसा नाही, तो तीच रक्कम तुरुंगातील दिवसांनी फेडतो. दंड न भरल्यास अधिक कैद, ही तरतूद इंग्रजांच्या दंडसंहितेत होती आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. या संदर्भात आम्हांस धुळ्याच्या तुरुंगातील एका कैद्याचे स्मरण होते. तो कैदी निर्धन नव्हता, हेच त्याच्या कथेचे वैशिष्ट्य होय.

जमनालाल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळ काशी का बास या खेड्यात, सामान्य घराण्यात झाला. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी बच्छराज यांनी त्यांना बालपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. सतरा वर्षांचे असताना आजोबा रागाने काही बोलले, तेव्हा या मुलाने संपत्तीवरील आपला हक्क सोडीत असल्याचे पत्र लिहून घर सोडले. आजोबांनी त्यांची समजूत घालून परत आणले. पैशाशी त्यांचे नाते कसे होते, हे या एका प्रसंगावरून कळते.

पुढे सरकारने त्यांना रावबहादुरी नव्हे, रायबहादुरी दिली. ती त्यांनी १९२१ मध्ये असहकाराच्या काळात परत केली. वकिली सोडलेल्या वकिलांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले.

१९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. त्याचे नेतृत्व जमनालाल यांच्याकडे होते. त्यांना दीड वर्षाची कैद आणि ३,००० रुपये दंड झाला. एवढी रक्कम त्यांना जड नव्हती. तरीही त्यांनी ती भरण्यास नकार दिला. सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावास काढली; परंतु त्या भागात बोली बोलणारा कोणी पुढे येईना. अखेर गाडी काठेवाडात नेऊन विकावी लागली. जप्तीच्या मालाला गिऱ्हाईक मिळू नये, याहून मोठे मानपत्र कोणते, असे आम्हांस वाटते.

सत्याग्रहींमध्ये खेड्यापाड्यांतील असे अनेक तरुण असत, की ज्यांच्या घरी जप्त करण्यासारखे काही नव्हते. त्यांना दंड भरण्याचा पर्यायच नव्हता. जमनालाल यांच्यापाशी तो होता, आणि तो त्यांनी वापरला नाही.

१९३२ साल खानदेशाच्या स्मरणात राहिले आहे. विनोबा जळगावात पकडले गेले व धुळ्याच्या तुरुंगात आले. साने गुरुजीही तेथेच होते. जमनालाल यांना त्या वर्षी पुन्हा सक्तमजुरी व दंड झाला. लक्षाधीश असूनही ते ‘क’ वर्गाचे कैदी म्हणून धुळ्यास आले. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. गुरुजी ते उतरवून घेत, आणि श्रोत्यांमध्ये जमनालालही असत.

येथे थोडे विषयांतर करतो. १९३८ मध्ये मुंबई प्रांतात परिवीक्षेचा कायदा झाला. पुढे १९५८ चा केंद्रीय कायदा आला. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर गुन्हेगारास सोडण्याची सोय त्यात आहे. मात्र नुकसानभरपाई व खटल्याचा खर्च भरण्याचा आदेशही न्यायालय त्याच वेळी देऊ शकते, आणि मोलमजुरी करणाऱ्याची अडचण तेथूनच सुरू होते. २०२३ मध्ये केंद्र शासनाने गरीब कैद्यांसाठी योजना जाहीर केली. तिच्यानुसार शिक्षा झालेल्याच्या दंडापोटी २५,००० रुपयांपर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी (२०२३ च्या मूळ योजनेत ४०,००० रुपयांपर्यंत) साहाय्य मिळू शकते. जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि कारागृह अधीक्षक यांचा सहभाग असलेली जिल्हा समिती याविषयी निर्णय घेते. कारागृहात भेटीस जाणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी ही माहिती कैद्यांच्या घरच्यांपर्यंत अवश्य पोहोचवावी.

वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल यांनी १९२८ मध्येच दलितांस खुले केले होते. अखेरच्या दिवसांत त्यांनी गोसेवेचे कार्य हाती घेतले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धा येथे, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे अकस्मात निधन झाले.