गणिताचा प्राध्यापक, संततिनियमनाचा अग्रदूत

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात निवर्तली. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या समाजाने कुटुंबावर बहिष्कार टाकला. रूढीची किंमत काय असते, हे रघुनाथरावांनी असे घरातच पाहिले.

गणित हा त्यांचा विषय. या विषयाच्या उच्च अध्ययनासाठी ते पॅरिसला गेले. परतल्यावर मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र सुरू केले, यावरून मुंबईतील हे पाऊल काळाच्या किती पुढे होते ते ध्यानी यावे. मिशनरी चालकांना मात्र आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग रुचला नाही. नोकरी की प्रचार, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. संसाराचा भार पुढे पत्नी मालतीबाईंनी उचलला. केंद्राच्या कामातही त्या बरोबरीने होत्या. या दांपत्याने स्वेच्छेने अपत्य होऊ दिले नाही आणि त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली. मालतीबाईंच्या वाट्याला कीर्ती फारशी आली नाही, हा मराठी चरित्रलेखनाचाच दोष म्हणावा लागेल.

त्या काळी हाताशी होती ती रबरी टोपी, निरोध आणि शुक्रजंतुनाशक औषधे. साधन कोणतेही असो, ते कसे वापरायचे हे नीट समजावून सांगितले नाही तर व्यर्थ, हे कर्वे जाणून होते. आजही ते खरे आहे. एका संप्रेरक गोळीवरून दुसरीवर, किंवा इंजेक्शनवरून गोळीवर येताना पाळीची वाट पाहत मध्ये खंड पाडणे, ही नेहमीची चूक होय. पहिले साधन नियमित घेतलेले असेल तर दुसरे लगेच सुरू करता येते. पुढील इंजेक्शनच्या ठरलेल्या दिवशीच गोळी धरता येते. खंड पडलाच, तर नव्या गोळीबरोबर साधारण सात दिवस निरोध वापरावा लागतो. उच्च रक्तदाब, अर्धशिशी, धूम्रपान किंवा रक्ताची गुठळी झाल्याचा पूर्वेतिहास असल्यास इस्ट्रोजेनयुक्त गोळीकडे वळण्याआधी डॉक्टरांना विचारणे अगत्याचे.

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत तोट्यात चालवले. लैंगिक विषयांवरील वाचकांच्या शंकांना त्यात आडपडदा न ठेवता उत्तरे दिली जात. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. लैंगिक प्रश्नावरचे प्रत्येक लेखन अश्लील कसे ठरेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाला तो पटला नाही. पुन्हा दंड झाला आणि मासिक पुन्हा निघाले.

विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. गांधीजींचाही भर साधनांवर नसून ब्रह्मचर्यावर होता. कर्व्यांना तो उपाय अव्यवहार्य वाटे आणि ते तसे लिहीतही.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले. अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली ती १९६० साली.