हेन्री ट्रेनग्रूझ : बाणाला दोर बांधणारा सुतार

आमच्या निपाणीकडच्या मंडळीला समुद्र पाहायचा तर घाट उतरून जावे लागते. पण वेदगंगेला पूर आला म्हणजे काठावरून फेकलेल्या एका दोराचे मोल काय, हे इकडच्या पोराबाळांनाही कळते. म्हणून इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांतातल्या हेल्स्टन गावच्या एका सुताराची हकिकत येथे देत आहो.

हेन्री ट्रेनग्रूझचा जन्म १७७२ सालचा. २९ डिसेंबर १८०७ रोजी ‘ॲन्सन’ हे लढाऊ जहाज तुफानात सापडून गावाजवळच्या किनाऱ्यावर आदळले. काठ हाकेच्या अंतरावर, तरी लोकांच्या डोळ्यांदेखत शंभरावर माणसे बुडाली. पाहणाऱ्यांत ट्रेनग्रूझ होता. त्या काळी वाहून आलेली अशी प्रेते प्रार्थनेवाचून किनाऱ्यावरच पुरीत. ह्या घटनेनंतर हेल्स्टनचेच वकील थॉमस ग्रिल्स ह्यांनी खटपट केली, आणि १८०८ साली त्यांना चर्चच्या दफनभूमीत मूठमाती देण्याचा कायदा झाला.

ट्रेनग्रूझला मात्र जिवंतांची चिंता लागली. राजाच्या वाढदिवसाचे दारूकाम पाहताना त्याला सुचले, की वर चढणाऱ्या बाणाला दोर बांधला तर? (लढाईतले बाण इंग्रज शिकले ते आमच्या कर्नाटकातील हैदर-टिपूच्या फौजेकडून, हे जाता जाता सांगतो.) मॅन्बी नावाच्या गृहस्थाने किनाऱ्यावरून तोफेने दोर फेकण्याची युक्ती काढली होतीच. पण तोफ जड. ती ओढून आणीपर्यंत जहाज फुटे. ट्रेनग्रूझचे सारे साहित्य एका पेटीत मावे, आणि ती पेटी जहाजावरच ठेवायची. जहाज किनाऱ्याकडे लोटणारा वाराच बाणालाही तिकडे नेई. आधी बारीक दोर, त्यामागून जाड दोर, मग त्यावरून खुर्चीत बसून एकेक माणूस काठावर.

ह्या खटाटोपात त्याचा धंदा बसला, वडिलोपार्जित मिळकत गेली. लंडनच्या कितीतरी खेपा झाल्यावर १८१८ साली आरमाराच्या अधिकाऱ्यांनी प्रयोग पाहून पसंती दिली. सरकारने वीस संच मागविले. मग ते आपल्याच कारखान्यात करवून घेण्याचे ठरवले आणि ट्रेनग्रूझची पन्नास पौंडांवर बोळवण केली. बोळवण हाच शब्द आम्हांस योग्य वाटतो. १८२१ साली एका संस्थेने रौप्यपदक व तीस गिनी दिल्या. रशियाचा बादशहा पहिला अलेक्झांडर ह्याने हिऱ्याची अंगठी पाठवली. तीही लवकरच गहाण पडली.

१४ फेब्रुवारी १८५४ रोजी ट्रेनग्रूझ हेल्स्टनमध्येच वारला. इतरांनी सुधारलेले दोराचे बाण पुढे कित्येक वर्षे किनाऱ्या-किनाऱ्यांवर वापरात राहिले.