प्रज्ञाचक्षु श्री गुलाबराव महाराज

ज्ञानेश्वरकन्या म्हणून ज्यांची कीर्ती आहे ते वऱ्हाडातील श्री गुलाबराव महाराज जन्मांध होते, असे पुष्कळ भाविक समजतात. आमच्या शिरड शहापूरकडे सप्ताहात त्यांचे नाव निघाले की हेच ऐकू येते. ते तसे नव्हे. महाराज डोळस जन्मले. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत चुकीचे औषध पडले आणि दृष्टी गेली. कीर्तनात ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते; आम्हांस मात्र तेथेच जरा थांबावेसे वाटते.

महाराजांचा जन्म शके १८०३, आषाढ शुद्ध दशमी, म्हणजे ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यात लोणी टाकळी येथे झाला. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी! वडील गोंदुजी मोहोड हे माधानचे. आईचे नाव अलोकाबाई. घर शेतकऱ्याचे. लेकराच्या डोळ्यांत औषध घातले ते मायेपोटीच, त्यात कोणाचे वैर नव्हते. पण डोळा माया ओळखत नाही. त्यात काय पडले तेवढेच तो जाणतो.

हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे झाले म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. आजही लेकराचे डोळे आले की कोणी मध घालतो, कोणी अंगावरचे दूध, कोणी पाल्याचा रस. आमच्या भागात सोयाबीन, तूर, हळद काढताना डोळ्याला काडी लागते, ज्वारीचे पाते कापते. मग गडी जाणत्याकडे जाऊन जिभेने कचरा काढून घेतो, नाही तर दुकानातून कसलेही थेंब आणतो. त्यात स्टेरॉईड असले आणि जखमेत बुरशी धरली असली, तर बुबुळावर फूल पडलेच म्हणून समजा. आणि वारीतल्या माळकऱ्यांनो, रागावू नका, पण तंबाखूचा चुना लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. चुना डोळ्यात उडाला तर क्षणाचाही विचार न करता स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे, धूतच राहावे आणि तसेच दवाखाना गाठावा. लेकरू नऊ महिन्यांचे झाले की सरकारी दवाखान्यात गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजतात; पुढे दर सहा महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत. ज्या वयात महाराजांचे डोळे गेले, नेमके त्याच वयाचे हे लेकरू! तो डोस चुकवू नये.

असो. महाराज चार वर्षांचे असताना आईही गेली. काही वर्षे आजोळी आजीने सांभाळले, पुढे माधानला आले. शाळा नाही, अक्षर नाही. ग्रंथ दुसऱ्याने वाचायचा आणि यांनी ऐकायचा, एवढीच विद्येची वाट. त्या वाटेने त्यांनी वेदान्त, योग, भक्तिशास्त्र, व्याकरण, संगीत, आयुर्वेद यांत असा संचार केला की डोळस पंडितांनी तोंडात बोट घालावे. पाश्चात्त्यांचे ग्रंथही ऐकले आणि डार्विन, स्पेन्सर यांच्या मतांचा समाचार घेतला. आम्ही पाठशाळेत पुस्तक डोळ्यांपुढे धरून घोकले, तरी लघुकौमुदीने घाम फोडला. त्यावरून या स्मरणशक्तीची कल्पना येईल.

१९०१ साली, वयाच्या विशीत, माउली ज्ञानोबारायांनी त्यांना मांडीवर घेऊन स्वनामाचा मंत्र दिला, असे संप्रदाय मानतो. तेव्हापासून ते स्वतःला माउलींची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी म्हणवीत. कुंकू, मंगळसूत्र धारण करीत. लोक हसले, महाराजांनी भाव सोडला नाही. त्यांच्या या मार्गास मधुराद्वैत म्हणतात. लहानमोठे एकशे तीसच्या वर ग्रंथ त्यांच्या मुखातून उतरले. मनाच्या व्याधींवरचा मानसायुर्वेद त्यांतलाच.

आता कोणी म्हणतात, डोळे गेले म्हणूनच ते प्रज्ञाचक्षु झाले, तेव्हा झाले ते बरेच झाले. हे आम्हांस पटत नाही. चुकीच्या औषधाने डोळे गमावलेली लेकरे गावोगाव झाली. त्यांतून गुलाबराव महाराज एकच निपजले. बाकीच्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

महाराज चोवीस वर्षांचे असताना, डिसेंबर १९०५ मध्ये, युरोपात मोराविया प्रांतात डॉक्टर झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला दुसऱ्याच्या बुबुळाचा पारदर्शक पडदा बसवला आणि त्याला दिसू लागले. जखमेमुळे एका मुलाचा डोळा काढावा लागला होता, त्याचा तो पडदा. नेत्रदान म्हणतात ते हेच. पडदा खराब झाला असेल तरच याचा उपयोग. आतली नस किंवा पाठचा पडदा गेला असेल तर नाही.

पण नेत्रदानाचे नाव काढले की आमचे म्हातारे विचारतात, महाराज, डोळे देऊन गेलो तर पुढल्या जन्मी आंधळा तर नाही ना होणार? याला शास्त्राचे उत्तर स्वच्छ आहे. डोळ्याची बाहुली दिसते ते गोलक. पाहण्याची शक्ती ते इंद्रिय. इंद्रिय सूक्ष्म आहे, ते लिंगदेहाबरोबर जाते. गोलक चितेवर जळतो, नाही तर मातीत जातो. जे सरणावर टाकायचेच आहे, ते दिल्याने जीवाचे काय उणे होणार? दधीची ऋषींनी हाडे दिली. शिवपूजेत सहस्रांतले एक कमळ कमी पडले, तेव्हा प्रत्यक्ष श्रीहरीने आपला नेत्र वाहिला. आमच्याजवळ औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेताना तरी ही कथा आठवावी.

रीत सोपी आहे. प्राण गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे काढले गेले पाहिजेत, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. चष्मा असो, मोतीबिंदू काढलेला असो, साखरेचा आजार असो, बहुधा अडत नाही. कावीळ, एड्स, पिसाळलेल्या कुत्र्याचा विकार अशा रोगांत मात्र घेत नाहीत. आधी फॉर्म भरला नसला तरी घरच्यांची संमती चालते. वीसेक मिनिटांचे काम. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधीलाही खोळंबा नाही.

महाराजांनी २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात देह ठेवला. वय अवघे चौतीस. मागे शिष्यांनी, विशेषतः बाबाजी महाराज पंडितांनी, त्यांचा संप्रदाय आणि ग्रंथ सांभाळले. सूक्तिरत्नावलीच्या नावाने ते छापले गेले आहेत. मोठे ग्रंथ कठीण वाटतील त्यांनी साधुबोधापासून आरंभ करावा. आणि घरात ज्याला दिसत नाही असे कोणी असेल, तर मोठ्याने वाचावा.